मोटारीचें कोष्टक कसें वाचावें ?

नवी मोटार घेण्यास निघालेल्या गृहस्थाच्या हातीं विक्रेता प्रथम एक छापील कागद ठेवतो. एंजिनाचें घनफळ, अश्वशक्ति, वजन, लांबी-रुंदी, चाकांचा व्यास, पेट्रोलच्या टांकीचें माप अशा बाबी त्यावर ओळीनें मांडलेल्या असतात. गृहस्थ तो कागद घडी घालून खिशांत ठेवतो, आणि घरीं आल्यावर त्यावरून वाद सुरू होतो. एक म्हणतो, हिचें एंजिन मोठें, म्हणून ही घ्यावी. दुसरा म्हणतो, तिची अश्वशक्ति अधिक, म्हणून ती घ्यावी. असा वाद बहुधा निकालास लागत नाहीं. आंकडा वाचतां येणें निराळें आणि त्याचा अर्थ लावतां येणें निराळें. पंचांगांतील अंक सर्वांनाच वाचतां येतात, म्हणून सर्वच जोशी होत नाहींत.

हा अर्थ लावण्याची संवय व्हावी म्हणून अगदीं निराळ्या काळांतील दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या करून पाहणें हा एक चांगला मार्ग आहे. एकाच वर्षीं निघालेल्या दोन मोटारींतील फरक बारकाव्याचा असतो; शंभर वर्षांच्या अंतरावरील मोटारींत तो ढोबळ असल्यामुळें त्याचीं कारणें स्पष्ट दिसतात. या कामीं अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ आणि भारतांतील टाटा मोटर्सची ‘नॅनो’ ही जोडी मोठी सोयीची आहे. पहिली १९०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत बाजारांत आली. दुसरी १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांस दाखविण्यांत आली. म्हणजे दोहोंच्या मध्यें जवळजवळ पुरें शतक आहे.

दोहोंच्या मागचा हेतु मात्र एकच होता. ज्याच्या दारीं तोंवर घोडागाडीच उभी असे, अशा सामान्य शेतकऱ्याला परवडेल अशी मोटार हेन्री फोर्ड यांना करावयाची होती. रतन टाटा यांनीं पुढें अनेकदां सांगितलें कीं, एकाच स्कूटरवर आई, बाप आणि त्यांच्या मधें दाटीवाटीनें बसलेलीं मुलें अशीं कुटुंबें निसरड्या रस्त्यावरून जातांना पाहून या लहान मोटारीची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालीं कंपनीच्या एंजिनिअरांनीं ती प्रत्यक्षांत आणली, आणि त्या कामाचें मुख्य ठिकाण पुणें हें होतें. पूर्वीं कधींहि मोटार न बाळगलेल्या घरासाठीं केलेल्या या दोन गाड्या असल्यामुळें त्यांची तुलना केवळ गमतीची न राहतां न्याय्य ठरते.

कोष्टकांतील पहिली ओळ वजनाची घ्यावी. ‘मॉडेल टी’चें वजन वरच्या सांगाड्याप्रमाणें कमीअधिक होई, आरंभीची उघडी गाडी सुमारें ५४० किलो भरे. ‘नॅनो’चा साध्यांत साधा प्रकार सुमारें ६०० किलोंचा. पोलादी छप्पर, चार दारें आणि सर्व बाजूंनीं कांचा असूनहि शंभर वर्षांनंतरच्या गाडीचें वजन जुनीपेक्षां अवघें साठ किलोंनीं, म्हणजे एका माणसाइतकेंच अधिक. दोन्ही एंजिनांना ओझें जवळजवळ सारखेंच ओढावयाचें आहे, ही गोष्ट पुढील सर्व हिशेबांत ध्यानांत ठेवावी.

आतां एंजिनाकडे वळावें. ‘टी’च्या एंजिनांत चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच, आणि त्यांत दट्ट्या चार इंच खालींवर सरके. दट्ट्याच्या या हालचालीनें जेवढी जागा मोकळी होते, तिची चारी सिलिंडरांतील बेरीज २,८९६ घन सेंटिमीटर. यालाच एंजिनाचें घनफळ म्हणतात. ‘नॅनो’च्या एंजिनांत सिलिंडर दोनच, व्यास साडेत्र्याहत्तर मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांवहि तितकीच. घनफळ ६२४ घन सेंटिमीटर. घरगुती मापानें सांगावयाचें तर एकांत जवळजवळ तीन लिटर मावतें, दुसऱ्यांत पाऊण लिटरहि मावत नाहीं.

यानंतरची ओळ शक्तीची. ‘टी’ची अश्वशक्ति २०, ‘नॅनो’ची सुमारें ३५. ज्याचें एंजिन मोठें तीच गाडी बळकट, असें म्हणणाऱ्याचा मुद्दा येथेंच संपतो. दर लिटर घनफळामागें हिशेब केला तर ‘टी’च्या वाट्यास सुमारें सात अश्वशक्ति येते आणि ‘नॅनो’च्या वाट्यास सुमारें छप्पन्न. पेट्रोल तेंच, हवा तीच, दट्ट्या व सिलिंडर यांची मूळ रचनाहि तीच. मग ही आठपट आली कोठून?

तिचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण दाब. फटाक्याची दारू कागदावर पसरून पेटविली तर ती नुसती फुरफुरते. तीच सुतळींत करकचून आवळली तर दणका देते. एंजिनांतहि पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटविण्यापूर्वीं दाबून लहान जागेंत कोंडतात, आणि तें जितकें अधिक दाबावें तितकें त्याच्या जळण्यांतून अधिक काम निघतें. ‘टी’च्या आरंभीच्या एंजिनांत हें मिश्रण सुमारें साडेचार पटींनीं दाबलें जाई, पुढें तें प्रमाण चारपटीपर्यंत उतरलें. आजच्या साध्या पेट्रोल-एंजिनांत तें नऊ-दहा पटींनीं दाबतात. मग फोर्ड यांच्या एंजिनिअरांनीं तसें कां केलें नाहीं ? त्या काळचें पेट्रोल हलक्या प्रतीचें होतें. तें अधिक दाबलें तर तापून, ज्वाला पोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतें, एंजिनांत ठोके बसूं लागतात आणि दट्ट्याची खराबी होते. म्हणजे साडेचार हा आंकडा एंजिनिअराच्या अज्ञानाचा नव्हे; तो त्या काळच्या पेट्रोलचा आंकडा आहे.

दुसरें कारण फिरण्याचा वेग. ‘टी’चें एंजिन आपली वीस अश्वशक्ति मिनिटाला सुमारें १,६०० फेऱ्यांच्या वेगानें देई, ‘नॅनो’चें एंजिन आपली पूर्ण शक्ति मिनिटाला सुमारें ५,२५० फेऱ्यांना देतें. एवढ्या वेगानें खालींवर धांवणारा दट्ट्या हलका पाहिजे, त्याच्या घांसणाऱ्या बाजू आरशासारख्या घोटलेल्या पाहिजेत आणि वंगण दाबानें सर्वत्र पोंचलें पाहिजे. शंभर वर्षांत धातुविद्येनें व यंत्रकामानें जी मजल मारली, ती या एका आंकड्यांत सांठलेली आहे.

तिसरें कारण अचूकपणा. ‘टी’मध्यें हवेंत पेट्रोल मिसळण्याचें काम साधा कार्ब्युरेटर करी, आणि ठिणगी लवकर पडावी कीं उशिरां हें चालविणारा सुकाणूच्या चक्राखालची कांडी हातानें हलवून ठरवी. ‘नॅनो’मध्यें पेट्रोल किती सोडावें व ठिणगी केव्हां पाडावी हें एक लहानसा विजेचा मेंदू क्षणोक्षणीं ठरवितो.

या तिन्ही कारणांचा मिळून परिणाम केवढा होतो, तें साध्या गुणाकारानें कळतें. चार धांवांच्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां मिश्रण ओढून घेतो. म्हणून घनफळाची निम्मी करून तिला फेऱ्यांनीं गुणावें. ‘टी’चें एंजिन पूर्ण शक्तीच्या वेगांत मिनिटाला सुमारें २,३०० लिटर मिश्रण ओढील एवढी त्यांत जागा होते, ‘नॅनो’च्या एंजिनांत सुमारें १,६४०. नवें एंजिन मिनिटाला जुन्याच्या तीनचतुर्थांशाहूनहि कमी घांस घेतें, आणि काम पावणेदोन पट करतें. अन्न थोडें व पचन चांगलें, असा हा प्रकार आहे.

एवढ्यावरून ‘नॅनो’ सर्वच बाबतींत सरस असें कोणी म्हणूं लागला तर त्यानें कोष्टकाची आणखी एक ओळ पहावी. तिला यंत्रशास्त्रांत पीळ किंवा टॉर्क म्हणतात. एंजिनाच्या आंसाला एक मीटर लांबीचा आडवा दांडा बसविला आणि त्याच्या टोकाला वजन टांगलें, तर एंजिन किती वजन पेलून धरील, हें त्यावरून समजतें. ‘टी’चा पीळ सुमारें ११२ न्यूटन-मीटर, म्हणजे त्या दांड्याच्या टोकास सुमारें साडेअकरा किलो, ‘नॅनो’चा ४८ न्यूटन-मीटर, म्हणजे पांच किलोंच्या आंतच. शिवाय ‘टी’ हा पीळ मिनिटाला अवघ्या ९०० फेऱ्यांवर देई. ‘नॅनो’ला त्यासाठीं ३,००० फेऱ्या लागतात. शक्ति अधिक असलेल्या गाडीचा पीळ निम्म्याहून कमी कसा, असा प्रश्न येथें पडेल. शक्ति म्हणजे पीळ व फिरण्याचा वेग यांचा गुणाकार होय. मोटेवरचा बैल हळू चालतो, पण भरलेली मोट वर आणतो. टांग्याचें घोडें हलकें ओझें घेऊन भरधांव जातें. दिवसभराच्या कामाचा हिशेब केला तर घोडें बैलाच्या पुढें जाईलहि, पण म्हणून मोटेला कोणी टांग्याचें घोडें जुंपीत नाहीं.

यावरून कोष्टकांतील आणखी एका आंकड्याचा उलगडा होतो. ‘टी’ला पुढें जाण्याचे गीअर दोनच होते, ‘नॅनो’ला चार. हळू फिरतांनाच ज्याच्या अंगीं भरपूर पीळ आहे, त्याला दोन गीअर पुरतात. वेगानें फिरल्यावरच ज्याचें बळ दिसतें, त्याला चढावर, गर्दींत व मोकळ्या रस्त्यावर निरनिराळे गीअर लागतात. ‘टी’चा सर्वाधिक वेग ताशीं ६४ ते ७२ किलोमीटर, ‘नॅनो’चा १०५. कोष्टकांतील कोणताच आंकडा एकटा नसतो. एक ओढला कीं दुसरा त्याच्यामागून येतो.

चाकांच्या ओळींतहि हेंच दिसेल. ‘टी’चीं चाकें टायरसह तीस इंच व्यासाचीं, ‘नॅनो’चीं सुमारें वीस इंचांचीं. १९०८ सालीं अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले रस्ते बहुतेक मातीचे होते. पावसाळी दिवसांत त्यांवर बैलगाडीच्या चाकोरीसारख्या खोल चाकोऱ्या पडत. त्या चिखलांतून जाण्यासाठीं चाक मोठें, गाडी जमिनीपासून उंच आणि सांगाडा थोडा मुरडेल असा लवचिक केलेला होता. मुख्य भागांसाठीं व्हॅनेडियम मिसळलेलें, हलकें पण चिवट पोलाद वापरलेलें होतें. ‘नॅनो’ डांबरी रस्त्यावर, शहरांतील गर्दींत वळण्यासाठीं व थोड्या जागेंत उभी राहण्यासाठीं केलेली होती. तिची सबंध लांबी ३ मीटर १० सेंटिमीटर. दोन्ही चाकें आपापल्या रस्त्याचीं मापें आहेत.

पेट्रोलच्या ओळीवरून लोकांची फसगत अधिक होते. ‘टी’च्या टांकींत सुमारें ३८ लिटर पेट्रोल मावे, ‘नॅनो’च्या टांकींत १५. टांकी लहान म्हणून गाडी थोडी जाईल, असें मात्र नाहीं. ‘टी’ लिटरमागें साडेपांच ते नऊ किलोमीटर जाई. म्हणजे भरल्या टांकीवर दोनशें ते साडेतीनशें किलोमीटर. ‘नॅनो’चा प्रमाणित आंकडा लिटरमागें २३.६ किलोमीटर. असे आंकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत ठराविक क्रमानें गाडी चालवून काढलेले असतात. प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांतून कांहीं वजा करावेंच लागतें. तरी लिटरमागें अठराच किलोमीटर धरले तरी पंधरा लिटरांत २७० किलोमीटर होतात. लहान तांब्या व मोठी घागर यांची पोंच सारखीच ठरली.

टांकीची जागाहि विचारांत घेण्यासारखी आहे. ‘टी’ची टांकी पुढच्या बैठकीखालीं होती, आणि पेट्रोल आपल्या वजनानें उतारावरून एंजिनाकडे जाई. टांकींत पेट्रोल थोडें असतां खडा चढ लागला म्हणजे एंजिन वर व टांकी खालीं अशी स्थिति होऊन पेट्रोल पोंचेनासें होई. मग मालक गाडी वळवून उलट्या गीअरमध्यें, पाठमोरी चढावर नेई ! हें कोणत्याहि छापील कागदावर नव्हतें. पण ज्याच्या घरीं ‘टी’ होती, त्याच्या मुलांनाहि तें ठाऊक असे.

चालविण्याची रीतहि तशीच निराळी. उजव्या हाताखालची कांडी पेट्रोलसाठीं, डाव्या हाताखालची ठिणगीसाठीं. पायाखालीं तीन पट्ट्या : डावी गीअरची, मधली उलट जाण्याची, उजवी ब्रेकची. आज मोटार चालविणारा निष्णात मनुष्य त्या गाडींत बसला तर पहिल्या वळणावरच घोंटाळा करील. सुरू करण्यासाठीं हँडल मारावें लागे, आणि ठिणगीची कांडी मागें घेण्यास विसरलें तर तें हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचा धाक असे. विजेनें सुरू होण्याची सोय १९१९ पासून मिळूं लागली. या त्रासाच्या मोबदल्यांत मालकास एक गोष्ट मिळे. गाडीचा प्रत्येक भाग त्याच्या डोळ्यांस दिसे व हातानें खोलतां येई. मागचें चाक उचलून त्याला पट्टा लावावा, आणि त्यावर लांकूड कापण्याची करवत किंवा पाण्याचा पंप चालवावा, असा उपयोगहि शेतकरी करीत. ‘नॅनो’च्या एंजिनाचा विजेचा मेंदू बिघडला तर पाना व हातोडी यांचा उपयोग नाहीं. अचूकपणा आला, तसा मालकाचा हात यंत्रापासून दूर गेला.

ब्रेकची ओळ बहुतेक लोक वाचीतच नाहींत. वस्तुतः ती प्रथम वाचावी. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ताशीं ७० वरून १०५ वर गेलें कीं वेग दीडपट आणि थांबविण्याचें काम सव्वादोन पट. ‘टी’चा पायाचा ब्रेक गीअरच्या पेटींतच असे, हाताचा ब्रेक मागच्या दोन चाकांवर, आणि पुढच्या चाकांना ब्रेक मुळींच नव्हता. ‘नॅनो’ला चारी चाकांवर द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक होते. वेग वाढविणें आणि थांबण्याची सोय करणें, हीं दोन्ही कामें एकाच मापानें वाढलीं पाहिजेत.

आतां किंमत. ‘मॉडेल टी’ची पांच माणसांची उघडी गाडी प्रथम ८५० डॉलरांस विकली गेली. फोर्डच्या कारखान्यांत १९१४ पूर्वीं कामगाराची रोजची मजुरी सुमारें २ डॉलर ३४ सेंट होती. त्या दरानें ही किंमत वर्षभराच्या मजुरीइतकी होते. १९१३ सालीं हायलंड पार्कच्या कारखान्यांत सरकत्या साखळीवर गाडी जोडण्याची पद्धति सुरू झाली. कामगार गाडीकडे जाण्याऐवजीं गाडी कामगारापुढें येऊं लागली. सांगाडा जोडण्यास पूर्वीं सुमारें साडेबारा तास लागत. १९१४ सालीं तें काम ९३ मिनिटांवर आलें. त्याच वर्षाच्या जानेवारींत, अटी पाळणाऱ्या कामगारास आठ तासांच्या दिवसाचे पांच डॉलर देण्याचें कंपनीनें ठरविलें. पुढें १९२५ च्या सुमारास सर्वांत स्वस्त ‘टी’ २६० डॉलरांस मिळूं लागली. मजुरी पांच डॉलर धरली तरी ही ५२ दिवसांची मजुरी होते. एका वर्षाची वस्तु दोन महिन्यांच्या आंत आली. किंमत रुपयांत वा डॉलरांत न मोजतां दिवसांत मोजली म्हणजे तिचें खरें रूप दिसतें.

‘नॅनो’च्या बाबतींत किंमत आधीं ठरली आणि गाडी मागून आली. कारखान्यांतून निघतांना एक लाख रुपये, हा शब्द दिला गेला होता, आणि २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत गाडी विक्रीस काढतांना तो पाळण्यांत आला. पण त्यासाठीं बारीकसारीक वस्तु एकेक करून कमी कराव्या लागल्या. चाकास चारांऐवजीं तीन नट. कांच पुसणारा वायपर एकच. बाजूचा आरसा एकच. मागचें झांकण उघडत नसल्यामुळें सामान आंतूनच ठेवावयाचें. यांत लबाडी कांहींच नव्हती. ‘टी’च्या मालकांनींहि १९१४ ते १९२५ पर्यंत काळ्याशिवाय दुसरा रंग पाहिला नाहीं, आणि पेट्रोल किती उरलें हें टांकींत काठी बुडवून पाहिलें. फरक निराळ्या ठिकाणीं होता. फोर्ड यांची किंमत करण्याच्या रीतीनें उतरली व वर्षानुवर्षें उतरत राहिली; ‘नॅनो’ची किंमत मुख्यतः कमी करीत जाण्यानें खालीं आणली होती, आणि पोलाद वगैरे महाग होतांच ती वर चढूं लागली. त्यांत कारखान्याचेंहि विघ्न आलें. बंगालमधील सिंगूर येथें जमिनीवरून शेतकऱ्यांचें आंदोलन झाल्यामुळें ऑक्टोबर २००८ मध्यें तो जवळजवळ तयार कारखाना सोडावा लागला. गुजराथेंत साणंद येथें नवा उभा राहून जून २०१० मध्यें सुरू झाला. वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याची त्याची तयारी होती.

आणि शेवटीं काय झालें ? ‘मॉडेल टी’ १९२७ सालीं बंद झाली तोंपर्यंत दीड कोटींवर गाड्या निघाल्या होत्या. ‘नॅनो’साठीं आरंभीं दोन लाखांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं, पण २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें तेव्हां एकंदर आंकडा सुमारें तीन लाखांवरच राहिला होता. कोष्टकांतील जवळजवळ प्रत्येक ओळींत जी गाडी पुढें, ती बाजारांत मागें पडली.

याचें उत्तर कोष्टकाच्या बाहेर आहे. १९०८ सालच्या शेतकऱ्यानें ‘टी’ची तुलना दारच्या घोड्याशीं केली. घोडा काम नसतांहि खातो, आजारी पडतो, दमतो. त्याच्यापुढें वीस अश्वशक्तीची गाडी हा केवढा तरी लाभ होता. ‘नॅनो’ची तुलना स्कूटरशीं व्हावी अशी करणारांची अपेक्षा होती. पण जें कुटुंब पहिली मोटार घेतें, तें पैशाबरोबर आपली इभ्रतहि त्यांत घालतें. त्यानें ‘नॅनो’ शेजाऱ्याच्या मोटारीशेजारीं उभी करून पाहिली, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हें विशेषण त्याला आपल्याच दारावर लिहिल्यासारखें वाटलें. स्वस्त म्हणून ती विकण्यांत चूक झाली, असें रतन टाटा यांनींहि पुढें मान्य केलें. यंत्राचा आंकडा यंत्राशीं जुळतो; घेणाऱ्याच्या मनांतील आंकडा शेजाऱ्याशीं जुळवावा लागतो.

आणखी एक ओळ त्या छापील कागदावर नव्हती. २०१४ सालीं ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें ताशीं ६४ किलोमीटर वेगानें ‘नॅनो’ची समोरून टक्कर घडवून परीक्षा घेतली. प्रौढ माणसांच्या रक्षणासाठीं तिला पांचांपैकीं एकहि तारा मिळाला नाहीं. भारतांतील त्या वेळचे नियम गाडीनें पाळले होते. पण नियमांत ही परीक्षाच नव्हती. येथें एक योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. ताशीं ६४ किलोमीटर हा ‘मॉडेल टी’च्या सर्वाधिक वेगाच्या जवळचा आंकडा. ज्या वेगानें जाणें १९०८ सालीं कमाल होती, त्या वेगानें आदळून माणूस वांचावा, ही अपेक्षा २०१४ मध्यें धरली गेली. ‘टी’ची अशी परीक्षा कोणी घेतली नाहीं, तिची पुढची कांच साधीच होती, आणि पट्टा बांधण्याची कल्पनाहि त्या काळीं रूढ नव्हती. प्रगतीचें माप केवळ अश्वशक्तीनें होत नाहीं. समाज कशाची अपेक्षा धरूं लागला यावरूनहि तें होतें. भारतांतहि नव्या मोटारींत चालकासाठीं हवेची पिशवी २०१९ पासून सक्तीची झाली, आणि २०२३ सालीं टकरींच्या परीक्षेची भारताची स्वतःची योजना सुरू झाली.

तरीहि प्रश्न पुरता सुटत नाहीं. एकहि तारा न मिळालेली मोटार कोणाच्या तुलनेनें धोक्याची ? चांगल्या मोटारीच्या तुलनेनें, हें निर्विवाद. पण पावसांत एका स्कूटरवर बसलेल्या चौघांना छप्पर, चार चाकें व चार ब्रेक मिळणें ही लहान गोष्ट नव्हती. त्या चौघांसाठींच गाडी घडविलेली होती, आणि त्यांतले बहुतेक जण आजहि दुचाकीवरच आहेत. कोष्टकांतील सर्व आंकडे बरोबर असूनहि मूळ गरज पुरी होत नाहीं असें होऊं शकतें, हें या तुलनेंतून शिकण्यासारखें आहे.

तेव्हां खिशांतील तो छापील कागद उलगडणाऱ्या गृहस्थानें प्रत्येक आंकड्यास कांहीं साधे प्रश्न विचारावे. अश्वशक्ति पाहिली तर ती किती फेऱ्यांवर मिळते तें विचारावें, कारण गांवच्या रस्त्यावर कोणी एंजिन मिनिटाला पांच हजार फेऱ्यांनीं पळवीत नाहीं. चाक पाहिलें तर आपला रस्ता आठवावा. टांकी पाहिली तर लिटरमागचें अंतर पहावें, आणि छापील अंतरांतून कांहीं वजा करावें. वेग पाहिला तर लगेच ब्रेक पहावा. किंमत पाहिली तर ती आपल्या कमाईच्या दिवसांत मोजावी, आणि ती कशानें कमी झाली हें विचारावें. आणि सर्व ओळी वाचून झाल्यावर, कोणती ओळ या कागदावर छापलेलीच नाहीं, हें विक्रेत्यास स्पष्ट विचारावें. गाडींत मुलेंबाळें बसावयाचीं असतील तर त्या न छापलेल्या ओळीचें उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.